दिवाळी अंकाची ईमेल यादी: वर्षभर निजलेले पत्ते जागे करण्याआधी

गणपती गेले की दिवाळी अंक काढणाऱ्यांच्या कचेरीत एक काम हमखास निघतं: पूर्वनोंदणीची मेल. सात-आठ वर्षांत गोळा झालेली सहा हजार पत्त्यांची फाइल उघडायची, सवलतीचा मजकूर जोडायचा आणि एका झटक्यात सगळ्यांना पाठवून द्यायची. मग दोन दिवसांत शेकडो मेल परत येतात, आणि पाठोपाठ जुन्या वर्गणीदारांचे फोन सुरू होतात, ‘यंदा तुमची मेलच आली नाही.’ ती गेलेली असते, पण स्पॅमच्या फोल्डरात.

हे का होतं ते जीमेल, याहू, आउटलुक यांच्या बाजूने पाहिलं की लगेच उमगतं. दहा महिने गप्प असलेलं डोमेन (तुमच्या पत्त्यातला @ च्या पुढचा भाग) एका सकाळी सहा हजार मेल सोडतं. त्यातले कित्येक पत्ते अस्तित्वातच नसतात. काही जणांना आपण हा पत्ता कधी दिला ते आठवत नाही, म्हणून ते ‘स्पॅम’चं बटण दाबतात. बाजारातून यादी विकत घेऊन मेल टाकणाऱ्याचं वागणं हुबेहूब असंच असतं, त्यामुळे यंत्रणा तुम्हालाही त्याच रांगेत बसवते. आणि त्याचा भुर्दंड बंद पडलेल्या पत्त्यांना बसत नाही, दरवर्षी न चुकता अंक घेणाऱ्या वाचकाला बसतो.

म्हणून यादीची सफाई श्रावण लागता लागता, म्हणजे दिवाळीआधी साधारण बारा आठवडे सुरू करावी. पूर्वनोंदणीच्या आदल्या रात्री केलेल्या सफाईचा उपयोग होत नाही, कारण अर्धी घाण मेल पाठवल्यावरच दिसते.

आधी एकच मूळ प्रत

यादी सहसा चार ठिकाणी असते: पुस्तक प्रदर्शनातल्या वह्या, वेबसाइटवरच्या ऑर्डरी, वर्गणीची पावतीपुस्तकं आणि कोणाच्या तरी फोनमधले संपर्क. यातला शेवटचा गठ्ठा सरळ बाजूला ठेवा. लेखकांनी, चित्रकारांनी, जाहिरातदारांनी पत्ता दिला तो मजकूर, मानधन किंवा बिलासाठी. पूर्वनोंदणीची जाहिरात पाठवायला त्यांनी होकार दिलेला नाही.

उरलेलं सगळं एका फाइलमध्ये आणा आणि प्रत्येक पत्त्यापुढे हे कॉलम करा: ईमेल, नाव, कुठून आला, कधी आला, परवानगी कशी मिळाली, शेवटची मेल कधी गेली, शेवटचा प्रतिसाद कधी आला, स्थिती. ‘कुठून’ आणि ‘कधी’ या दोन रकान्यांवर पुढचे बहुतेक निर्णय उभे आहेत. पत्ता कोणत्या वर्षी, कशासाठी दिला गेला हे सांगता येत नसेल, तर त्या माणसाला मेल का पाठवतोय हेही सांगता येणार नाही. जुन्या नोंदींना तारीख नसेल तर जी खात्रीची आहे तीच घाला, उदाहरणार्थ शेवटच्या वर्गणीच्या पावतीचं वर्ष. तेही नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा. अंदाजाने तारीख टाकू नका.

‘स्थिती’साठी पाच शब्द पुरतात: चालू, थांबवा, बाउन्स (मेल परत आली), तक्रार (स्पॅमचं बटण दाबलं), पडताळणी बाकी. ज्यांनी ‘मेल नको’ म्हटलं त्यांची ओळ फाइलमधून कधीही पुसायची नाही. पुसली की सहा महिन्यांनी दुसऱ्या वहीतून तोच पत्ता पुन्हा आत येतो आणि त्या माणसाला पुन्हा मेल जाते. या वेळी तो ‘नको’ म्हणत बसत नाही, थेट स्पॅमचं बटण दाबतो. ‘थांबवा’ लिहिलेली ओळ हे दारावरचं कुलूप आहे. प्रत्येक नवी वही फाइलमध्ये घालण्याआधी ती या ओळींशी पडताळायची.

एक्सेलमध्ये काय बिघडतं

पहिली गोष्ट देवनागरी नावांची. मेल पाठवायच्या सेवेतून उतरवलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी) फाइल डबल क्लिक करून उघडली तर ‘कुलकर्णी’च्या जागी विचित्र चिन्हांची माळ दिसू शकते. ती फाइल तशीच सेव्ह केली तर मूळ नावं परत मिळत नाहीत. रिकामी शीट उघडून ‘डेटा’ मेनूतून फाइल आत घ्या आणि एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडा. सेव्ह करतानाही ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार घ्या. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. गूगल शीट्समध्ये हा त्रास सहसा होत नाही.

दुसरी गोष्ट सॉर्टची, आणि हिने केलेलं नुकसान सर्वांत उशिरा कळतं. फक्त ईमेलचा कॉलम निवडून सॉर्ट केला की पत्ते हलतात आणि नावं जागच्या जागी राहतात. एक्सेल तेव्हा निवड वाढवायची का असं विचारतं, पण घाईत माणूस भलतंच बटण दाबतो. मध्ये एखादा रिकामा कॉलम असेल तर त्याच्या पलीकडचं एक्सेल धरतच नाही. मग देशपांडेबाईंना ‘नमस्कार शिंदेसाहेब’ अशी मेल जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे एकाचा ‘नको’ दुसऱ्याच्या नावावर चढतो. सॉर्ट करण्याआधी पहिल्या कॉलममध्ये १, २, ३ असे अनुक्रमांक घाला आणि पाच ओळखीची नावं कागदावर लिहून ठेवा. सॉर्ट झाल्यावर त्या पाचही जणांपुढे त्यांचाच पत्ता आहे ना, ते पाहा.

मग पत्त्यांमधली न दिसणारी घाण. व्हॉट्सॲपवरून किंवा वेबपानावरून चिकटवलेल्या पत्त्याच्या मागेपुढे मोकळी जागा येते. ‘ट्रिम’ सूत्राने साधी जागा जाते, पण वेबपानांतून येणारी न तुटणारी जागा, जिचा क्रमांक १६०, ती ट्रिमला दिसत नाही. तिच्यासाठी ‘सब्स्टिट्यूट’ सूत्रात ‘कॅर १६०’ देऊन ती काढावी लागते. त्यानंतर ‘लोअर’ने सगळी अक्षरं लहान लिपीत आणा. शून्य रुंदीची, म्हणजे डोळ्यांना अजिबात न दिसणारी चिन्हं यालाही पुरून उरतात. त्यांचा संशय आला तर ‘लेन’ सूत्राने पत्त्याची लांबी मोजा. डोळ्यांना २१ अक्षरं दिसत असताना सूत्र २२ म्हणत असेल तर तो पत्ता हाताने पुन्हा टाइप करा.

हे झाल्यावरच दुबार नोंदी काढा, कारण मोकळ्या जागेसकटचा पत्ता एक्सेलला वेगळाच वाटतो. जीमेलची एक खासियत इथे लक्षात घ्या: नावातले टिंब जीमेल मोजत नाही. एकाच माणसाचा टिंबासह आणि टिंबाविना दिलेला पत्ता एकाच पेटीत पोहोचतो आणि त्याला मेल दोनदा मिळते. त्यामुळे जीमेलपुरती टिंबं काढलेली एक तुलनेची प्रत शेजारच्या कॉलममध्ये करून दुबार शोधा. हा नियम बाकीच्या सेवांना लावायचा नाही, तिथे टिंब बदललं की माणूस बदलू शकतो. दुबार ओळींतली कोणती ठेवायची? एखादीपुढे ‘थांबवा’ किंवा ‘तक्रार’ असेल तर तीच राहील. एरवी जुन्यात जुनी ‘कधी आला’ तारीख आणि ताज्यात ताजा प्रतिसाद एका ओळीत आणा.

आता @ च्या पुढचा भाग वेगळ्या कॉलममध्ये काढा आणि कोणतं डोमेन किती वेळा आलं ते पिव्होट टेबलमध्ये मोजा. वरच्या टोकाला जीमेल, याहू, रेडिफमेल, हॉटमेल असणारच. खरी माहिती शेपटीत असते, जिथे एकेकदाच आलेली डोमेनं आहेत. तिथे जीमेलमधल्या ए आणि आयची अदलाबदल सापडेल, शेवटचा एल गळालेला सापडेल, ‘डॉट कॉम’चं ‘डॉट कॉन’ झालेलं सापडेल, रेडिफमधला एक एफ आणि याहूतला एक ओ नाहीसा झालेला सापडेल. या चुका दुरुस्त करायला हरकत नाही, कारण माणसाला काय म्हणायचं होतं यात शंका नसते. मात्र याहूला हात लावताना जपून. ‘याहू डॉट कॉम’, ‘याहू डॉट को डॉट इन’ आणि ‘याहू डॉट इन’ ही तिन्ही खरी आणि वेगवेगळी आहेत, त्यांना एकसारखं करत सुटू नका.

@ च्या आधीच्या भागात कधीही सुधारणा करू नका. ‘देशपांडे’च्या रोमन स्पेलिंगमध्ये वाय असेल तर ती चूक आहे असं आपल्याला वाटतं, पण त्या माणसाने खातं उघडलं तेव्हा साधं स्पेलिंग आधीच कोणीतरी घेतलेलं असू शकतं. सुधारलेला पत्ता मग भलत्याच देशपांड्यांचा निघतो.

प्रदर्शनाची वही

यादीतली सर्वांत मोठी घाण या वहीतून येते, तेव्हा तिच्याकडे जरा निरखून पाहू. एका ओळीत नाव, गाव, फोन आणि ईमेल. स्टॉलवर गर्दी, पिशवी काखेत, पेन दोऱ्याने बांधलेलं. पत्ता दीड इंच जागेत कोंबलेला. छापील रेघेवर लिहिल्यामुळे अंडरस्कोर रेघेतच विरघळून जातो आणि टाइप करणाऱ्याला ती मोकळी जागा वाटते. इंग्रजी एल आणि आकडा एक, ओ आणि शून्य, यू आणि व्ही, आर-एन जवळ आले की एम. जन्मवर्ष शेवटी लावायची सवय असल्याने ‘६१’ की ‘६७’ हा घोळ नेहमीचा.

वहीवरचे पत्ते टाइप करताना वाचता न आलेल्या अक्षराचा अंदाज बांधू नका. त्या ओळीत ‘पडताळणी बाकी’ लिहा आणि शेजारच्या फोन नंबरवर विचारून घ्या. वीस ओळींचे वीस फोन लागतील, पण प्रदर्शन उलटून आठवडाही झाला नसेल तर लोक आनंदाने सांगतात. सहा महिन्यांनी केलेल्या फोनला ‘कोण तुम्ही?’ हाच प्रश्न येतो.

पुढच्या प्रदर्शनासाठी वहीच बदला. ईमेलसाठी पूर्ण रुंदीची स्वतंत्र ओळ ठेवा, आणि ती रेघेची नको, चौकोनांची, एका चौकोनात एक अक्षर, किमान ३० चौकोन. खाली स्पष्ट वाक्य: ‘नव्या अंकाची व पूर्वनोंदणीची माहिती ईमेलवर पाठवावी’ आणि त्यापुढे खूण करायला रिकामी चौकट. खूण नसेल तर पत्ता यादीत नाही. ज्यांच्या हातात फोन आहे त्यांच्यासाठी क्यूआर कोड लावा, म्हणजे ते स्वतःच टाइप करतील. त्या फॉर्मवर पुष्टीची मेल जरूर ठेवा: पत्ता भरल्यावर एक मेल जाते, तिच्यातल्या दुव्यावर क्लिक केलं तरच नाव यादीत चढतं. यात काही लोक गळतात हे खरं, पण जे चढतात त्यांचा पत्ता खरा आहे आणि तो त्यांचाच आहे, या दोन्ही गोष्टी एका क्लिकमध्ये सिद्ध होतात. पुष्टीची मेल मराठीत लिहा. सेवेने दिलेला इंग्रजी साचा तसाच गेला तर वाचकाला तो आपल्या अंकाकडून आलाय हे कळतच नाही.

परत आलेल्या मेल कशा वाचाव्यात

परत आलेल्या प्रत्येक मेलमध्ये एक आकडा असतो, आणि बहुतेक जण तो न वाचताच पत्ता उडवतात. तिथेच घोळ होतो.

आकडा ५ ने सुरू झाला तर नकार कायमचा, ४ ने सुरू झाला तर तात्पुरता. त्यापुढचे टिंबांनी तोडलेले तीन आकडे कारण सांगतात. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. ५.१.२ म्हणजे डोमेन चुकलेलं किंवा बंद. यांतला कोणताही आला की त्याच दिवशी ‘बाउन्स’ लिहा आणि पुन्हा पाठवू नका, एकदाच आला तरीही.

४.२.२ किंवा ५.२.२ म्हणजे पेटी भरलेली. हे आजकाल फार दिसतं, कारण गूगलच्या मोफत खात्यात जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी जागा असते. फोनमधल्या फोटोंनी ती भरली की मेल येणं थांबतं. पेटी भरलेला माणूस खरा असतो आणि कदाचित तुमचा जुना वाचकही. त्याला दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीनदा पाठवा. तिन्ही वेळा परत आली तर ‘बाउन्स’ लिहा, आणि फोन नंबर असेल तर ‘तुमची पेटी भरली आहे’ असा एक निरोप द्या. लोक आभारच मानतात.

आता ५.७ ने सुरू होणारे आकडे. यांत दोष बहुधा पत्त्याचा नसतो, तुमचा असतो. जीमेलचा ५.७.२६ सांगतो की पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही. आउटलुकचा ५.७.५१५ सांगतो की तुमचं डोमेन त्यांच्या घाऊक मेलच्या अटींत बसत नाही. मेल पाठवणाऱ्या काही सेवा मात्र ५ पाहून सरसकट पत्ते कायमचे बंद करून टाकतात. डोमेनचं नूतनीकरण करताना एक नोंद चुकली, आणि त्या दिवशी गेलेल्या मेलवरचे सगळे जीमेल पत्ते ‘बाउन्स’ झाले, असं होऊ शकतं. म्हणून एकाच दिवशी, एकाच सेवेचे भराभर बाउन्स आले तर सफाई थांबवा आणि आधी आकडा वाचा. तो ५.७ ने सुरू होत असेल तर दुरुस्ती डोमेनमध्ये करायची आणि त्या पत्त्यांची स्थिती पुन्हा ‘चालू’ करायची.

४२१ ने सुरू होणारे निरोप बहुधा वेगाबद्दल असतात: तुम्ही अचानक फार मेल सोडताय, जरा दमाने घ्या. सेवा स्वतःच पुन्हा प्रयत्न करते. पत्त्याला हात लावायची गरज नाही.

डोमेनच्या तीन नोंदी

यात फार रमायचं कारण नाही, पण हे नसेल तर वरची सगळी मेहनत फुकट. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या, मेल खरोखर तुमच्याकडूनच आली आहे हे पटवणाऱ्या तीन नोंदी तुमच्या डोमेनमध्ये हव्यात. कोणत्या ओळी घालायच्या ते मेल पाठवणारी सेवा देते, घालण्याचं काम वेबसाइट सांभाळणाऱ्याला अर्ध्या तासाचं. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या. जीमेलच्या हिशेबात दिवसाला ५,००० च्या आसपास मेल म्हणजे घाऊक. आउटलुकने मे २०२५ पासून तशाच अटी लावल्या. तुमची यादी लहान असली तरी नोंदी घालाच.

प्रेषक म्हणून मोफत जीमेलचा पत्ता लावून दुसऱ्या सेवेतून घाऊक मेल पाठवू नका, ओळख पटत नाही. थेट जीमेलमधून पाठवायचं म्हटलं तर मोफत खात्याला दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे. आणि सगळे पत्ते ‘टू’ किंवा ‘सीसी’मध्ये टाकून पाठवलेली मेल हा वाचकांच्या विश्वासाचा भंग आहे: प्रत्येकाला इतर सगळ्यांचे पत्ते दिसतात, आणि ते परत घेता येत नाहीत.

गप्प राहणारे वाचक

जे परत येत नाहीत आणि उत्तरही देत नाहीत त्यांचं काय करायचं, हा सर्वांत अवघड भाग. ‘मेल उघडली’ या आकड्यावर विसंबू नका. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये चित्रं आधीच उतरवून ठेवण्याची सोय आली, त्यामुळे माणसाने न उघडलेली मेलही उघडल्यासारखी मोजली जाते. उलट चित्रं बंद ठेवणारा वाचक मेल नीट वाचतो आणि तुमच्या तक्त्यात मात्र शून्य दिसतो. कार्यालयांच्या सुरक्षा यंत्रणा दुवे स्वतःच तपासतात, त्यामुळे मेल पोहोचताच त्याच सेकंदाला सगळ्या दुव्यांवर आलेले क्लिकही खरे धरू नका.

प्रतिसाद म्हणून तीनच गोष्टी मोजा: माणसाने केलेला क्लिक, मेलला दिलेलं उत्तर आणि खरेदी. यातली खरेदी विसरली जाते. मेल वाचून माणूस दादरच्या किंवा अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात जाऊन अंक घेतो, किंवा फोनवर वर्गणी भरतो, आणि ईमेलच्या तक्त्यात त्याचा मागमूस नसतो. म्हणून सफाईआधी पावतीपुस्तक आणि ऑर्डरींची वही समोर घेऊन ‘शेवटचा प्रतिसाद’ हा कॉलम भरा. हे कंटाळवाणं काम टाळलं तर तुमचे सर्वांत निष्ठावान वाचकच मृत समजून यादीतून कापले जातील.

मग तीन गठ्ठे करा. पहिला, गेल्या १२ महिन्यांत प्रतिसाद. दुसरा, १२ ते २४ महिने. तिसरा, २४ महिन्यांपलीकडे किंवा ‘माहीत नाही’. दोन वर्षांची रेघ मनाने ओढलेली नाही. गूगलने डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला सुरुवात केली. याहू तर १२ महिने न वापरलेलं खातं बंद करू शकतं. बंद झालेला जीमेल पत्ता पुन्हा कोणाला दिला जात नाही, तो नुसता परत येतो. पण इतर काही ठिकाणी बंद पत्त्याचं रूपांतर सापळ्यात होतं: तो मेल स्वीकारतो, बाउन्स देत नाही, आणि जुनी, न सांभाळलेली यादी कोण वापरतंय याची नोंद करतो. सापळा दिसत नाही, म्हणून त्याच्यापासून बचाव शेवटचा प्रतिसाद किती जुना आहे त्यावरूनच करायचा.

कार्यालयीन पत्ते इथेच वेगळे काढा. बँक, कॉलेज, कंपनी यांचे पत्ते निवृत्तीबरोबर किंवा नोकरी बदलली की जातात. असा वाचक अजून ‘चालू’ असेल तर त्याला आताच विचारा, ‘घरचा ईमेल पत्ता द्याल का?’ निवृत्तीनंतर विचारायला तो सापडणार नाही. ‘इन्फो’, ‘ऑफिस’, ‘अकाउंट्स’ अशा सामायिक पत्त्यांवर एकाने परवानगी दिलेली असते आणि वाचतो दुसराच, तेव्हा वाचनालयांसारखे खरे ग्राहक सोडले तर ते यादीत नकोत.

जागं करण्याचा क्रम

सर्वांत ताजे आधी. पहिल्या दिवशी पहिल्या गठ्ठ्यातले ३०० जण घ्या, तेही गेल्या दिवाळीत अंक घेतलेले. दोन दिवस थांबून बाउन्स पाहा. शंभरात दोनपेक्षा कमी असतील तर ६००, मग दोन-तीन दिवसांनी १,२००. दोनच्या वर गेले तर पुढचा टप्पा रोखा आणि ते पत्ते कुठून आले ते तपासा. बहुधा एकाच वहीतले निघतात. त्या वहीचे उरलेले पत्ते बाजूला काढले की आकडा खाली येतो.

तक्रारींसाठी गूगलचं पोस्टमास्टर टूल्स (जीमेलवर तुमच्या किती मेलना स्पॅम म्हटलं गेलं ते दाखवणारी सोय) जोडून ठेवा. स्पॅमचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत असावं, ०.३ ला कधीच पोहोचू नये. ०.३ म्हणजे हजार मेलमागे तीन माणसं. मेल फारच थोड्या असतील तर तिथे आकडा दिसत नाही, मग बाउन्स आणि ‘नको’ म्हणणाऱ्यांची संख्या यांवरच लक्ष ठेवा.

दुसऱ्या गठ्ठ्याला पूर्वनोंदणीची मेल त्यानंतर, १० दिवसांच्या अंतराने. तिसऱ्याला जाहिरात पाठवायचीच नाही. त्यांना एकच प्रश्न विचारायचा, तोही रोज १००-१५० जणांना. मजकूर असा चालेल:

विषय: दिवाळी अंकाची माहिती यंदाही पाठवू का?

नमस्कार. २०२२ च्या पुस्तक प्रदर्शनात तुम्ही आमच्या वहीत हा पत्ता दिला होता. यंदाच्या अंकाची आणि पूर्वनोंदणीची माहिती हवी असेल तर खालच्या दुव्यावर एकदा क्लिक करा. नको असेल तर काहीच करू नका, एका शेवटच्या आठवणीनंतर आमची मेल येणार नाही.

वर्ष आणि ठिकाण त्या ओळीतल्या ‘कुठून’ आणि ‘कधी’ या कॉलममधून घ्या. मेलमधल्या ‘दिला होता’ या शब्दांनी माणसाला आठवण होते आणि त्याचं बोट स्पॅमच्या बटणाकडे जात नाही. तीन आठवड्यांनी दुसरी आणि शेवटची आठवण पाठवा. तरी उत्तर नसेल तर ‘थांबवा’. दोन हजारांतले दीडशेच परत आले तरी वाईट वाटून घेऊ नका. बाकीचे आधीच गेलेले होते.

पत्ते तपासून देणाऱ्या सेवा मिळतात. वहीतून आलेल्या गठ्ठ्यासाठी त्या उपयोगी आहेत, कारण अस्तित्वात नसलेले पत्ते त्या बऱ्यापैकी ओळखतात. पण काही डोमेनं कोणत्याही नावाची मेल स्वीकारतात, तिथे सेवेला काही कळत नाही. सापळेही भरवशाने सापडत नाहीत, आणि परवानगी आहे की नाही हे तर कोणतीच सेवा सांगू शकत नाही. वाचकांचे पत्ते परक्या हातात देतोय हे लक्षात ठेवून फक्त ईमेलचा कॉलम द्या. नावं आणि फोन नंबर नकोत.

‘नको’ म्हणणाऱ्यांची वाट

थांबवण्याचा दुवा मराठीत, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरांत ठेवा, आणि एका क्लिकमध्ये काम व्हायला हवं. पासवर्ड मागू नका, का नको याचं कारण लिहायला लावू नका. जीमेलची अट दोन दिवसांत थांबवण्याची आहे. अमेरिकेतल्या वाचकांसाठी तिथला २००३ चा कायदा दहा कामकाजाचे दिवस देतो. कॅनडाचा कायदा अधिक कडक आहे: तिथल्या वाचकाने एकदा अंक विकत घेतला आणि वेगळी परवानगी दिली नाही, तर त्या खरेदीच्या आधारावर दोन वर्षंच मेल पाठवता येते. टोरोंटोकडच्या मराठी वाचकांच्या ओळींत खरेदीची तारीख म्हणूनच हवी. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचंही तत्त्व हेच आहे की परवानगी देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असावं.

सगळे जण दुवा वापरत नाहीत. कोणी ‘नको’ एवढंच उत्तर लिहितं, कोणी फोनवर सांगतं, कोणी स्टॉलवर. उत्तर न घेणाऱ्या पत्त्यावरून मेल पाठवलीत तर हे निरोप हवेत विरतात. उत्तरं येणारी पेटी आठवड्यातून दोनदा वाचण्याचं काम एका ठरलेल्या माणसाला द्या आणि तोंडी आलेला ‘नको’ त्याच दिवशी फाइलमध्ये चढवा.

मेल नको म्हणणारा अंक नको म्हणत नसतो. अंकाची वर्गणी आणि जाहिरातीची मेल यांच्यासाठी दोन वेगळे कॉलम ठेवा. वर्गणीदाराने जाहिरात थांबवली तरी ‘तुमचा अंक पाठवला, हा ट्रॅकिंग नंबर’ ही मेल त्याला मिळालीच पाहिजे.

आणखी एक उत्तर येतं, दरवर्षी थोडी येतातच: ‘बाबा मार्चमध्ये गेले.’ ही ओळ त्याच दिवशी, स्वतः, सगळ्या याद्यांतून थांबवा: ईमेल, टपाल, फोन आणि प्रदर्शनाच्या निमंत्रणांचीही. घरच्यांना दोन ओळींचं उत्तर माणसाने लिहावं, साच्यातून जाऊ नये. त्यात पूर्वनोंदणीचा उल्लेख नको, ‘तुमचा पत्ता यादीत घेऊ का’ असंही नको. कोणाला वडिलांची वर्गणी पुढे चालवायची असेल तर ते स्वतःहून सांगतात.

दिवाळीनंतर

अंक विकून झाले की यादी बंद करून ठेवायची सवय मोडा. तुळशीचं लग्न होईपर्यंत हंगामातले सगळे बाउन्स, ‘नको’ आणि नव्या ऑर्डरी मूळ प्रतीत चढवा. सेवेतली यादी आणि तुमची फाइल यांतल्या ‘चालू’ ओळींची संख्या जुळते का पाहा. जुळत नसेल तर फरकातली प्रत्येक ओळ शोधा. मग दर पाच-सहा आठवड्यांनी एक छोटी मेल जाऊ द्या: एखाद्या कथेचा दुवा, वाचकांची पत्रं, पुढच्या प्रदर्शनाची तारीख. त्याने डोमेन गप्प पडत नाही आणि बंद होणारे पत्ते सप्टेंबरमध्ये एकदम न येता महिन्याला पाच-दहा असे येत राहतात.

आणि कचेरीतल्या जुन्या संगणकावर, पेनड्राइव्हवर, कोणाच्या तरी मेलमध्ये पडलेल्या गेल्या वर्षीच्या प्रती शोधून काढून टाका. ऐन घाईत कोणीतरी हाताला लागली ती फाइल सेवेत चढवतं आणि वर्षभरात ‘थांबवा’ लिहिलेले सगळे पत्ते पुन्हा जिवंत होतात. मूळ प्रतीच्या नावातच तारीख घाला, तिची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा, आणि नवी यादी चढवण्याआधी ‘थांबवा’, ‘बाउन्स’ आणि ‘तक्रार’ या ओळी सेवेच्या न पाठवायच्या यादीत आधी गेल्या आहेत ना, हे दोघांनी तपासा.